पुण्याच्या पश्चिमेची पिसोरी : तिला न उठवता तिचा माग कसा काढायचा

पुणे जिल्ह्यात चिंकारा बघायचा तर मयूरेश्वरला जावं, शेकरू बघायचं तर भीमाशंकरला. सकाळच्या वेळी थोडा धीर धरला की दोन्ही बहुधा दिसतात. पिसोरीचं, म्हणजे इंग्रजीत ‘माऊस डिअर’ म्हणतात त्या सशाएवढ्या बिनशिंगी प्राण्याचं, तसं नाही. भीमाशंकर आणि ताम्हिणीच्या रानांत ती राहते, पण तिथे आयुष्य काढलेल्या माणसांनीही तिला मोजक्याच वेळा पाहिलेलं असतं. दिवसा ती दडून असते, रात्री फिरते, कळप करत नाही, सहसा आवाज काढत नाही आणि ताठ उभी राहिली तरी तिची पाठ आपल्या गुडघ्याच्या खालीच राहते.

दिवसाउजेडी पिसोरी समोरून पळाली, तर बहुतेक वेळा तिला आपणच उठवलेलं असतं. तिचं सगळं संरक्षण जागच्या जागी न हलता बसण्यात आहे, आणि तेच आपण मोडून काढतो. म्हणून इथे दिलेली पद्धत पिसोरी ‘दाखवणारी’ नाही. एखाद्या रानात ती आहे का, कुठे चरते, केव्हा फिरते हे तिच्या नकळत समजून घ्यायची ही पद्धत आहे. निसर्गप्रेमी गट, कॉलेजचे विद्यार्थी, मुळशी-आंबेगाव भागात स्वतःची जमीन असलेले लोक, कुणालाही ती जमेल. घाई मात्र चालणार नाही.

आधी प्राणी नीट ओळखा

पिसोरीला आपण सरसकट हरीण म्हणतो, पण ती सांबर-चितळांच्या कुळातली नाही. तिचं कुळ ट्रॅगुलिडी. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या वंशवृक्षावर अगदी सुरुवातीला फुटलेली आणि आजही जिवंत असलेली ही फांदी आहे. गाय, बकरी, चितळ यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. पिसोरीचे तीनच नीट विकसित झालेले असतात. तिला शिंगं नसतात, नरालाही नाही. त्याऐवजी नराचे वरचे सुळे लांब वाढतात आणि दुसऱ्या नराशी झुंजताना तो तेच वापरतो. पायाला चारही बोटं पूर्ण असतात, म्हणजे पायांची ठेवण थोडी डुकराकडे झुकणारी. रवंथ करणारे प्राणी सुरुवातीला कसे असतील याची कल्पना करायची असेल, तर आपल्या सह्याद्रीत त्याचा चालता-फिरता नमुना आहे.

इथे थोडं थांबून जम्मू-काश्मीरकडे वळायला हवं. राजौरी भागातल्या कालाकोटजवळ ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकाने गोळा केलेल्या खडकांमध्ये इंडोह्यस नावाच्या एका लहान खुरवाल्या प्राण्याचे अवशेष होते. तो सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. २००७ साली त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा कळलं, की त्याच्या कानाच्या हाडाची रचना देवमाशांच्या हाडाशी जुळते आणि पायांची हाडं पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यासारखी जड आहेत. देवमाशांचा हा जवळचा जुना नातलग अंगकाठीने बराचसा आजच्या पिसोरीसारखा होता. पिसोरी ही काही देवमाशांची पूर्वज नव्हे. पण तिच्या कुळातली आफ्रिकेतली पाणपिसोरी धोका दिसताच पाण्यात बुडी मारते, आणि बोर्निओ व श्रीलंकेतल्या पिसोऱ्याही पाठलाग झाला की पाण्यात शिरताना दिसल्या आहेत. एवढ्याशा प्राण्याच्या सवयीत इतका जुना काळ शिल्लक असावा, ही मला या सगळ्या विषयातली सर्वात थक्क करणारी गोष्ट वाटते.

आता प्रत्यक्ष ओळख. खांद्यापाशी उंची साधारण २५ ते ३० सेंटीमीटर, वजन २ ते ४ किलो, म्हणजे जवळपास आपल्या रानसशाएवढंच. रंग तपकिरी, त्यावर पिवळसर झाक. अंगावर पांढरट ठिपक्यांच्या ओळी, आणि कुशीवर हे ठिपके एकमेकांत मिसळून आडवे पट्टे होतात. गळ्यावर पांढरे पट्टे. पाय काडीसारखे बारीक, शेपूट अगदी आखूड, आणि पाठ मागच्या बाजूला उंच, त्यामुळे चालताना ती पुढे झुकल्यासारखी दिसते.

गल्लत होते ती मुख्यतः तीन प्राण्यांशी. चितळाच्या पाडसालाही ठिपके असतात, पण त्याचे पाय लांब, मान उंच, आणि आसपास कळप असतो. भेकराचं पाडस ठिपकेदार असलं तरी त्याची आई जवळपास भुंकत असते. मोठं भेकर तर २० किलोच्या पुढचं असतं. तिसरा प्राणी ससा. अंधारात, झुडपाआड नुसती हालचाल दिसली तर ससा आणि पिसोरी यांत फरक करणं कठीण जातं. अशा वेळी नोंदवहीत ‘पिसोरी असावी’ असंही लिहू नका. ‘लहान प्राणी, ओळख नाही’ एवढंच लिहा.

शास्त्रीय नावाचंही बघून घ्या. जुन्या पुस्तकांत भारत आणि श्रीलंकेतली पिसोरी एकच मानून तिला मॉस्किओला मेमिना म्हटलेलं आढळेल. २००५ मध्ये यांचं विभाजन झालं आणि आपली पिसोरी मॉस्किओला इंडिका ठरली. नोंद करताना हेच नाव वापरायचं.

रान निवडणं

वेताळ टेकडीवर किंवा शहरालगतच्या बोडक्या डोंगरांवर पिसोरीची अपेक्षा ठेवू नका. तिला डोक्यावर सावली, पायाखाली पालापाचोळा, दडायला झुडूप किंवा ढोली आणि जवळ पाणी लागतं. पुणे जिल्ह्यात असं रान सह्याद्रीच्या कड्याच्या बाजूला उरलं आहे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. ताम्हिणी अभयारण्य २०१३ चं, सुमारे ५० चौरस किलोमीटर. दोन्हीकडे अंजन, जांभूळ, हिरडा यांची निमसदाहरित रानं आहेत.

तिसरा पर्याय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे देवराया. पुण्यातले वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर पायाभूत काम केलं. मुळशी, भोर, राजगड (जुनं नाव वेल्हे), आंबेगाव या तालुक्यांत आजही लहानमोठ्या देवराया टिकून आहेत. आंबेगावातल्या आहुप्याची तर सर्वपरिचित. आजूबाजूचं रान विरळ झालं तरी देवराईतला पाचोळा, जुनी पोकळ झाडं आणि झरा शाबूत असतो. लहान जनावराला आसरा म्हणून ते पुरेसं ठरू शकतं. पण देवराई एकटी पडलेली असेल, चहूबाजूंनी प्लॉटिंग आणि कंपाउंड असतील, तर तिथे पिसोरी असण्याची शक्यता कमी. तेव्हा आधी गुगलच्या उपग्रह नकाशावर बघा : देवराईपासून मोठ्या रानापर्यंत झाडीचा सलग पट्टा आहे का? ओढ्याकाठची झाडीसुद्धा चालेल.

परवानगीशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. अभयारण्यात कॅमेरा ट्रॅप (हालचाल होताच आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावायला, वाट सोडून फिरायला किंवा रात्री थांबायला वन विभागाची लेखी परवानगी लागते. राखीव वनातही विचारावंच लागतं. देवराई किंवा खासगी रान असेल तर गावातल्या जाणत्यांना, पुजाऱ्याला, जमीनमालकाला भेटा. काही देवरायांत चामड्याची वस्तू नेत नाहीत, काहींत पानही तोडत नाहीत. हे नियम पाळले नाहीत तर पुढचं काम होणार नाही, आणि होऊही नये.

माणसांना विचारताना

व्हिएतनाममध्ये रुपेरी पाठीची एक पिसोरी १९९० नंतर शास्त्रज्ञांच्या हाती लागलीच नव्हती. संशोधकांनी आधी गावकऱ्यांशी आणि वनरक्षकांशी बोलून घेतलं, ते सांगतील त्या भागात तीन कॅमेरे लावले, आणि पाच महिन्यांत २७५ फोटो मिळाले. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तिथल्या लोकांच्या लेखी तो प्राणी कधी हरवलाच नव्हता.

आपल्याकडेही सुरुवात इथूनच करायची. गुराखी, हिरडा गोळा करणाऱ्या बाया, मध काढणारे, वनमजूर यांना विचारा. पण विचारायची रीत सांभाळा. खिशातून फोटो काढून “ही बघितली का?” असं विचारलं की पाहुण्याचा मान राखायला समोरचा “हो” म्हणतो. त्याऐवजी “काका, तुमच्या रानात शिंग नसलेलं काय काय फिरतं?” असं विचारून गप्प बसा. त्यांनी वर्णन केलं की मग उंची हाताने दाखवायला सांगा, ठिपके होते की नुसता तपकिरी रंग, एकटंच होतं का, पळालं कसं, कुठल्या महिन्यात, आणि शेवटी फोटो दाखवायचेच असतील तर भेकर, चौशिंगा, ससा, पिसोरी असे चारही एकदम दाखवा. शिकारीचा विषय त्यांनी काढला तर ऐकून घ्या, पण कुणाचं नाव वहीत लिहू नका. विश्वास एकदा गेला की त्या गावातली माहिती कायमची बंद होते.

जमीन वाचणं

पिसोरीचा माग झाडाखाली लागतो. ती पाला, कोवळे कोंब, फुलं खाते, पण तिचा खरा ओढा जमिनीवर पडलेल्या फळांकडे. तिला उड्या मारून फांद्या ओरबाडता येत नाहीत. वरून जे गळेल त्यावर तिची गुजराण. माकडं, शेकरं, धनेश झाडावर खाताना बरंच खाली पाडतात, ते तिच्या उपयोगी पडतं. म्हणून सकाळी रानात शिरल्यावर आधी वर बघा, मग खाली. उन्हाळ्याच्या शेवटी जांभूळ, हिवाळ्यात आवळा, बेहडा, आंबाडा, आणि वर्षातून कित्येकदा फळणारा उंबर, ही झाडं नकाशावर टिपून ठेवा. फळांचा हंगाम आणि जागा यांची ही यादी महागड्या दुर्बिणीपेक्षा उपयोगी पडेल.

रवंथ करणारे प्राणी फळं घाईघाईने गिळतात, सुरक्षित जागी बसून गर चघळतात आणि कठीण बिया तोंडातून टाकून देतात. त्यामुळे झाडापासून लांब, झुडपाच्या आडोशाला स्वच्छ झालेल्या आवळ्याच्या बियांचा लहानसा ढीग दिसला, तर तो कुणाच्या तरी रवंथाचा पुरावा असू शकतो. तो चितळ-भेकराचाही असेल. बियांवरून पिसोरीच म्हणता येत नाही. पण ती जागा कॅमेऱ्यासाठी उत्तम.

ठसे शोधायचे ते ओढ्याकाठच्या ओल्या मातीत, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पिसोरीचा खूर इतका लहान की ठसा जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटरचा, दोन टोकदार अर्धुकांचा उमटतो. माती खूप मऊ असेल तर मागच्या लहान बोटांच्या खुणाही येतात. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, वरून सरळ काढा. गावाजवळ असाल तर एक मोठा धोका आहे : शेळीच्या करडाचा ठसा. त्या वाटेने शेळ्या चरायला येतात का हे आधी विचारा, आणि येत असतील तर तिथल्या ठशांवर विसंबू नका. लेंड्या काळसर, लांबट आणि सेंटीमीटरपेक्षा आखूड असतात, पण लेंड्यांवरून ठाम काही बोलू नये हे माझं मत. ठसा, लेंड्या, रवंथाची जागा ही सगळी कॅमेरा कुठे लावावा हे सांगणारी चिन्हं आहेत. नोंद पक्की होते ती फोटोनेच.

हे सगळं करताना पोकळ झाडं, पडलेली खोडं, दगडांच्या कपारी यांत डोकावू नका, काठी घालू नका. पिसोरी दिवसा अशाच जागी बसते. बिबट्या, कोळसून, अजगर, मोठे गरुड, सगळ्यांना ती भक्ष्य म्हणून चालते. उघड्यावर पळायला लावणं म्हणजे तिला त्यांच्यासमोर सोडणं. पालापाचोळा विस्कटू नका, वाटेवरचा कचरा तेवढा उचला.

कॅमेरा ट्रॅप

वाघ-बिबट्यासाठी कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर लावतात. पिसोरीसाठी तो तिथे लावला तर ती खालून निघून जाते, किंवा फोटोत नुसती पाठ येते. जमिनीपासून २० ते ३० सेंटीमीटर उंची ठेवा आणि अपेक्षित वाटेपासून अंतर दोन ते तीन मीटर. उतारावर लावत असाल तर कॅमेऱ्याचं तोंड उताराला समांतर करा. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला नको, कारण सकाळ-संध्याकाळचं ऊन सरळ काचेवर येऊन रिकामे फोटो भरतात. समोरच्या गवताच्या चार काड्या हाताने दाबून घ्या, कारण वाऱ्याने हलणारं एक पान रात्रभरात कार्ड भरून टाकतं. पण झुडपं छाटू नका.

फ्लॅश अदृश्य अवरक्त किरणांचा, ९४० नॅनोमीटरचा घ्या. पांढऱ्या फ्लॅशने रंग छान येतात, पण रात्री वावरणाऱ्या भित्र्या प्राण्यावर तो मारणं मला पटत नाही. एका चाहुलीला तीन फोटोंची मालिका ठेवा, दोन मालिकांमध्ये थांबा नको. घड्याळ आणि तारीख लावण्याआधी तपासा, बाकी सगळं बरोबर असून घड्याळ चुकलं तर प्राणी केव्हा फिरतो ही अर्धी माहिती वाया जाते. कॅमेरा लावून झाल्यावर स्वतः त्याच्यासमोरून रांगत जा. उभ्याने चाचणी केली तर काही कळणार नाही.

मीठ, फळं, आमिष काहीही ठेवायचं नाही. आमिषाने आलेल्या प्राण्याचा फोटो मिळेल, पण तो तिथे नेहमी येतो का, हे कळणार नाही. शिवाय गंधाने भटकी कुत्रीही येतात.

एका जागी कॅमेरा किमान तीन-चार आठवडे राहू द्या, आणि मध्ये मध्ये जाऊन बघायचा मोह टाळा. पावसाळ्यात ताम्हिणीसारख्या ठिकाणी न लावलेलाच बरा. धुकं आणि मुसळधार पावसात यंत्रही टिकत नाही आणि फोटोही मिळत नाहीत. नोव्हेंबर ते मे हा काळ चांगला. उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ लावाल तर अगदी पाण्यावर नको, पाण्याकडे जाणाऱ्या झाकलेल्या वाटेवर लावा. पिसोरी उघड्यावर थांबत नाही.

फोटोंमधून तिचं आयुष्य

फोटो आले की आधी माणसांचे फोटो वेगळे करून पुसून टाका. सरपणाला आलेल्या बाईचा फोटो तुमच्या संगणकात राहण्याचं काही कारण नाही. मग प्राण्यांची नोंद. एकाच कॅमेऱ्यावर अर्ध्या तासाच्या आत आलेले पिसोरीचे फोटो ही एकच नोंद धरतात, कारण ती एकाच झाडाखाली रेंगाळलेली असते. कॅमेरे किती रात्री चालू होते त्याचा हिशेब ठेवा, आणि दर १०० रात्रींमागे किती नोंदी हे काढा. असं केलं तरच यंदाची आणि पुढच्या वर्षीची तुलना होते.

फोटोत बहुतेकदा एकच पिसोरी दिसेल. दोन दिसल्या तर नर-मादी किंवा आई-पिल्लू. लांब सुळा दिसला तर नर, पण सुळा दिसला नाही म्हणून मादी ठरवू नका. हनुवटी खोडावर किंवा काडीवर घासताना दिसली तर ती गंधाची खूण करत असावी. तिच्या कुळातल्या काही प्राण्यांना हनुवटीखाली गंधग्रंथी असते. याच कुळातल्या आग्नेय आशियातल्या पिसोऱ्या बिथरल्या की मागचे पाय जमिनीवर भराभर आपटतात. आपल्या रानातही व्हिडिओ मोड लावून हे टिपता आलं तर फार मोलाचं ठरेल.

गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा, आणि एका वेळी एक, क्वचित दोन पिल्लं. पिल्लू जन्मल्यावर आईमागे फिरत नाही. ते एका जागी निपचित पडून राहतं आणि आई फक्त पाजायला येते.

पिल्लू सापडलं तर

म्हणूनच रानात एकटं पडलेलं पिल्लू ‘अनाथ’ समजून उचलू नका. आई जवळच असते आणि तुम्ही निघून जायची वाट बघत असते. फोटोसाठीही थांबू नका. त्याच पावली मागे फिरा, सोबतच्या कुत्र्याला दोरीने बांधा आणि गटातल्या इतरांना त्या बाजूला जाऊ देऊ नका. जखम दिसत असेल, कुत्र्यांनी घेरलं असेल किंवा आई मेलेली समोर दिसत असेल, तरच वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा आणि सांगतील तसं करा. तोवर अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात ठेवावं लागलं तर ठेवा, पण गाईचं दूध पाजू नका, कुरवाळू नका. खुरवाल्या लहान प्राण्यांना नुसत्या हाताळण्याच्या ताणानेही मरण येतं.

पिसोरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिची शिकार केली तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते, आणि ती पकडून घरी ठेवणं हाही गुन्हाच. तिचं बंदिवासात प्रजनन करायचं काम हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या मदतीने २०१० पासून चाललं, आणि २०१७ पासून तिथे वाढलेल्या पिसोऱ्या तेलंगणातल्या अमराबादच्या रानात सोडल्या गेल्या. ते प्रशिक्षित लोकांचं आणि मोठ्या तयारीचं काम आहे. फार्महाऊसच्या कुंपणात ते होत नाही.

धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत पिसोरीला फारसा धोका नसलेली प्रजाती म्हटलं आहे, पण एखाद्या ठरावीक खोऱ्यातून ती नाहीशी व्हायला वेळ लागत नाही. फासे लागतात ते सशासाठी किंवा डुकरासाठी, पण सापडते ती. रानात तारेचा फास दिसला तर जागा टिपून वनरक्षकाला कळवा. वणव्यात मोठी जनावरं पळतात, निपचित पडलेलं पिल्लू पळत नाही. आणि पाचोळा जळाला की आसरा व चारा दोन्ही जातात. हॉटेलांच्या उष्ट्यावर पोसलेली कुत्र्यांची टोळकी मुळशीच्या बाजूला रानात शिरतात, त्यामुळे तुमच्या कॅमेऱ्यात कुत्री किती वेळा आली तेही पिसोरीइतक्याच काळजीने मोजा. ताम्हिणी घाटातून रात्री गाडी नेणार असाल तर वेग कमी ठेवा. दिव्यात सापडलेली पिसोरी जागीच थिजते.

नोंद कुणाला द्यायची

पहिली प्रत परवानगी देणाऱ्या वन कार्यालयाला आणि दुसरी त्या गावाला. गावाला दाखवायला पाच-सहा फोटो छापून नेले तर बरं, मोबाइलवर सगळ्यांना नीट दिसत नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर ठिकाण ‘अस्पष्ट’ ठेवा. समाजमाध्यमांवर तालुक्याच्या पलीकडे जागा सांगू नका, आणि फोटोतली ओळखू येणारी पाटी, देऊळ किंवा वळण कापून टाका. अहवालात तारीख, वेळ, झाडीचा प्रकार, जवळचं फळलेलं झाड, पाण्यापासूनचं अंतर आणि चंद्राची तिथी लिहा. ज्या कॅमेऱ्यांवर पिसोरी आली नाही त्यांच्या जागा आणि रात्रीही त्यात असू द्या, कारण पुढच्या वर्षी तिथे ती आली तर ते समजायला हाच कागद लागेल.